रुमालाखालचा हात

इस्पितळात आहे तोवर आजारी राहणे सोपे असते. वेळेवर कोणी उठवते, कोणी पट्टी बदलते, दुखले तर ओरडायची मोकळीक असते. खरे दुखणे घरी आल्यावर सुरू होते. माझे तरी तसेच झाले. भाटघर धरणाच्या गाळात दोन लॉऱ्यांची टक्कर झाली, तेव्हा वर बसलेल्यांपैकी बहुतेक जण आज आपापल्या वाडीत आहेत. कोणी लंगडतो, कोणाची मान वळत नाही. इस्पितळाने दिलेली पुढची तारीख त्यांच्यातल्या थोड्यांनीच पाळली. त्यांच्यासाठी, आणि पुढे ज्यांच्यावर अशी पाळी येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा स्वभाव तापट आहे. मधूनमधून शब्द कडक येतील, ते चालवून घ्यावेत.

मी बैलांचा दलाल. वेल्ह्याकडच्या एका वाडीत जन्मलो, लहानपणी लोकांची गुरे राखली. चालता बैल पाहून त्याची खोड सांगता येऊ लागली आणि त्यावर धंदा उभा केला. मागे कोणी नव्हते. बाजारात मला दौलू दलाल म्हणतात.

बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही, अशी आमच्या बाजाराची रीत आहे. भोवती चार लोक उभे असतात, त्यांना तो कळता कामा नये. म्हणून विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा उजवा हात एका रुमालाखाली जातो. कोणते बोट धरले, किती बोटे मिळून धरली, कोणत्या पेरावर दाबले, यावरून आकडा समजतो. वर तोंडाने एकजण बैलाच्या शिंगांना नावे ठेवत असतो, दुसरा त्याच्या आईबापाची शपथ घेत असतो, आणि खरे काय ते खाली बोटे बोलत असतात. माझी बोटे चांगली बोलत. समोरच्याचा हात किती घामेजला आहे यावरून तो आणखी किती चढेल हे मला कळत असे. हे सगळे उजव्या हाताचे काम. तोच हात गेला.

गाळातली चाकोरी

उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि वेळवंडी नदीच्या खोऱ्यात मोठे मैदान उघडे पडते. वरच्या गावांतून भोरला यायचा रस्ता डोंगराच्या कडेने वळणे घेत जातो. म्हणून त्या दिवसांत लॉरीवाले रस्ता सोडून सरळ गाळातून गाडी घालत. वरून जमीन तडकलेली, दगडासारखी दिसते, पण खाली चिखल तसाच असतो. एका गाडीची चाकोरी पडली की पुढच्या सगळ्या गाड्या तीच धरून जातात. चाकोरीबाहेर चाक गेले की रुतलेच.

मी वरच्या अंगाला बैल घ्यायला गेलो होतो. बैल गड्यांबरोबर पायी लावून दिले आणि स्वतः लॉरीवर चढलो. खाली हिरड्याची पोती, त्यांवर आम्ही माणसे. ती लॉरी भोरच्या एका शेठची. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तो आम्हाला फुकट बसू देई, हेही खरे आहे. माझ्या शेजारी ठकूबाई नावाची धनगरीण मांडीवर घोंगड्यांचे गाठोडे घेऊन बसली होती. ती माझ्याहून थोडी मोठी असेल.

"दलालबाबा, सरका की जरा. पोतं काय तुमच्या बाचं न्हाई."

"माझ्या बाचं असतं तर तुला वर चढू दिली असती व्हय?"

"चढू दिली नसती तरी तुमच्या म्होरनं चढले असते," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मी रागाने सरकलो आणि बाजूच्या फळीला उजव्या हाताने घट्ट धरले. बोटे फळीच्या बाहेर होती.

समोरून त्याच शेठची दुसरी लॉरी येत होती, रिकामी, कोळसा भरायला निघालेली. धुळीचा लोट आम्हाला लांबूनच दिसला. दोन्ही ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. दोघांची ओळख होती. चाकोरी दुसऱ्याने सोडावी असे दोघांनाही वाटत होते, कारण जो सोडील त्याची गाडी रुतणार आणि ती काढायला बैल आणावे लागणार. एवढे मोकळे मैदान, चारी बाजूंना हवे तिकडे जावे, आणि दोन गाड्या एका ओळीत एकमेकींवर चालून आल्या. अगदी शेवटी दोघांनीही चाक वळवले. समोरासमोरची धडक चुकली, पण गाड्यांच्या कुशी एकमेकींना घासत गेल्या आणि आमची लॉरी कलंडली.

आवाज मला आठवत नाही. हिरडे आठवतात. पोती फुटली होती आणि मी हिरड्यांच्या ढिगावर पडलो होतो. हात दुखत नव्हता, नुसता जड झाला होता. पोत्यांच्या पलीकडून ठकूबाईचा आवाज आला, "माजा पाय कुठाय बगा की रं कुनीतरी!" पाय जागेवरच होता, पण मांडीतून वेडावाकडा वळला होता.

भाटघरहून बैलगाड्या आल्या. भोरच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या आणि तिथून आम्हा चौघापाच जणांना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवले. मोटारीतून. आधीच्या मोटारीने मारले आणि दुसरीने वाचवायला नेले. पण माझे मन पहिलीलाच धरून बसले. वाटेत एकेक खड्डा आला की मी डोळे मिटून घेई.

डॉक्टर काय म्हणाले

ज्या दिवशी हाताचे काय ते समजले, तो दिवस मला बैलाच्या खरेदीसारखा आठवतो. डॉक्टर मध्यम वयाचे, पुण्याचे, कमी बोलणारे. त्यांनी हात सगळीकडून पाहिला, तोंडावर काही दाखवले नाही. मला वाटले, हा माणूस धंद्यात असता तर मला भारी पडला असता.

"हात राहील," ते म्हणाले.

"आनि बोटं?"

"तळहाताची हाडं चुरली आहेत. ती आम्ही जमवू. बोटांचं आज सांगता येणार नाही. ते पुढं तुमच्यावर आहे."

माझ्यावर आहे म्हणजे काय, हे त्या दिवशी मला उमगले नाही. मला वाटले, डॉक्टर आपली जबाबदारी माझ्या अंगावर टाकून मोकळे होत आहेत. धंद्यातली सवय. समोरचा बोलला की त्यात त्याचा फायदा कोठे आहे ते आधी पाहायचे.

माझी पत्नी चंद्रा शेजारच्या धर्मशाळेत राहून दोन वेळचा डबा आणत असे. इस्पितळात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली, ते सांगतो. दुखण्याची नाही. एका हाताने धोतर नेसता येत नाही आणि पटका बांधता येत नाही. बाजारात ज्याच्या शब्दावर जोड्या विकल्या जात, त्याला बायको पडद्यामागे उभी राहून धोतर नेसवायची. तिने कधी तोंड वाकडे केले नाही. मीच तिच्यावर खेकसायचो, निऱ्या नीट नाहीत म्हणून. ती म्हणायची, "तुमी आपलं भिंतीकडं तोंड करा."

दुसरी एक गोष्ट. ठकूबाई बायकांच्या खोलीत पायाला वजन टांगून पडली होती. चंद्रा तिच्याकडेही भाकरी घेऊन जायची, कारण तिच्या माणसांना मेंढरे सोडून येता येत नव्हते. एक दिवस चंद्रा हसत परत आली. "ठकूबाई म्हनती, माज्या पायाला वजनकाटा बांदलाय, दलालबाबाला सांगा तोलून घ्या." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. हसताना हात दुखला, तरी बरे वाटले.

तारीख

प्लॅस्टर काढले तेव्हा जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. बारीक, पांढरट, कातडी सुटलेली, बोटे आखडलेली. डॉक्टरांनी एकेक बोट धरून वाकवले. माझ्या तोंडून शिवी गेली. त्यांनी ती ऐकली नाही असे दाखवले.

"आता खरं काम आहे," ते म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ हात गरम पाण्यात ठेवायचा आणि पाण्यातच बोटं वाकवायची, सरळ करायची. ओलं फडकं पिळायचं. दुखलं तरी थांबायचं नाही. आणि दर आठवड्याला इथं यायचं."

"महिन्यानं येतो."

"आठवड्यानं."

"साहेब, लांबचा पल्ला हाय. पंधरवड्यानं येतो."

"हा बाजार आहे का?"

"न्हाई, पर तुमचं बी बरोबर आनि माजं बी बरोबर. मदलं काय ते बोला."

डॉक्टर थकलेले होते, मागे रांग होती. म्हणाले, "बरं, दहा दिवसांनी. पण घरचं काम चुकवायचं नाही." मी जिंकलो असे मला वाटले. बैल घेणाऱ्याला दोन पावले मागे आणले की जे समाधान होते, ते घेऊन मी घरी आलो.

समाचार

आमच्याकडे कोणी आजारी पडले की माणसे समाचाराला येतात. हातातले काम टाकून येतात, ओसरीवर बसतात, कसे झाले ते विचारतात, पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. वैर असले तरी येतात. माझ्याकडेही आली. ज्यांना मी सौद्यात चेपले होते तेही आले. प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "हात हलवू नका. हाड कच्चं आसतंय." आंबेहळदीचा लेप आला, कोणी तेल आणले. सगळे प्रेमाने आणले होते, म्हणून त्यांना दोष देत नाही.

फक्त एक माणूस आला नाही. शेठ. इस्पितळाचा खर्च त्याच्या मुनिमाने भरला होता, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण तो बाजारात म्हणाल्याचे मला समजले की लॉरी मालाची होती, माणसे आपल्या मर्जीने वर बसली. त्याच्या दोन्ही गाड्या, त्याचेच दोन्ही ड्रायव्हर, आणि आमच्या मर्जीने! त्याने माझ्या ओसरीवर येऊन एवढेच विचारायचे होते, दौलू, हात कसा आहे? बाकी मला काही नको होते.

आणि मी त्याची वाट पाहू लागलो. आज येईल, उद्या येईल. तो येईल तेव्हा त्याला हात दिसला पाहिजे, जसा त्याच्या लॉरीने केला तसा. म्हणून मी हात झोळीत बांधून ठेवला, पट्टी सोडली नाही. बोटे हलवताना त्याने पाहिले तर म्हणेल, बरा तर आहे की. बैल विकायला काढला की त्याला पोटभर चारा घालून बाजारात नेतात, आणि घेणाऱ्याला किंमत पाडायची असली की तो बैलाच्या वर आलेल्या बरगड्या दाखवतो. मी दलाल माणूस. मला दाखवायच्या होत्या त्या बरगड्याच.

चंद्रा रोज पाणी तापवून आणायची.

"हात घाला."

"उद्या."

"काल बी उद्याच म्हनला."

एक दिवस तिने पातेले माझ्यासमोर ठेवले आणि हलेना. "त्यो यायचा न्हाई," ती म्हणाली. "मला ठावं हाय तुमी का बांदून ठिवलाय. त्यो यायचा न्हाई, आनि तुमचा हात वाळून काटकी होतोय."

मी डाव्या हाताने पातेले उलटवले. पाणी तिच्या पायावर गेले. फार गरम नव्हते, देवाची कृपा. ती पातेले उचलून आत गेली. नंतर पुष्कळ दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. पाणी मात्र रोज ठेवायची, लांब, उंबऱ्याशी.

नसरापूरहून परत

तारीख आली तेव्हा मी निघालो नाही असे नाही. बैलगाडीने नसरापूरला गेलो. पुण्याला जाणारी सर्व्हिस मोटार आली, उभी राहिली, माणसे चढू लागली. माझा पाय उचलेना. मोटारीची बाजू समोर होती, लाकडी फळीची. ड्रायव्हर म्हणाला, "दलाल, बसताय का?" मी म्हणालो, "ह्या खटाऱ्यात मानसं बसत्यात का मेंढरं?" तो काही बोलला, मी आणखी बोललो, भांडण झाले आणि मोटार माझ्याशिवाय गेली. माझा राग लोकांनी पाहिला. त्याखाली काय होते ते कोणी पाहिले नाही.

घरी सांगितले, जागा नव्हती. चंद्रा म्हणाली, "बरं." पुढच्या तारखेला मी नसरापूरलाही गेलो नाही.

माझ्यासारखे ज्यांना झाले असेल त्यांना सांगतो, ही भीती असते. ती लाजेची नाही. लपवली की ती रागाचे सोंग घेते आणि मग तिचा इलाज होत नाही.

ठकूबाई दारात

एका सकाळी दारात गाडी थांबली. आत ठकूबाई होती, मांडीवर कुबड्या. तिचा पुतण्या गाडी हाकत होता. डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून ती तारखेला निघाली होती आणि वाट वाकडी करून आली होती.

"कोंडीबा म्हातारा गेला," ती गाडीतूनच म्हणाली.

कोंडीबा आमच्याच लॉरीवर होता. पायाला जखम होती, इस्पितळातून चांगला चालत घरी गेला होता.

"कशानं?"

"जखम चिगळली. पट्टी बदलाया या म्हनले व्हते, गेलाच न्हाई. म्हनला, बरी हाय. मग ताप भरला." तिने एक कुबडी माझ्याकडे रोखली. "तुमी बी जात न्हाई म्हनं."

"कोन म्हनलं?"

तिने चंद्राकडे पाहायचे टाळले, त्यावरून कोण ते मला समजले. "चला," ती म्हणाली.

"मोटारीत लई गर्दी आसती."

"गर्दीचं सांगू नका. तुमी मोटारीला भ्येता. म्या बी भ्येते. मागल्या येळंला निम्म्या वाटंत वकले. चला, दोगं मिळून भिऊ."

अंगणात शेजारची माणसे उभी होती. मला दलाली करता आलेली नाही असा तो एकच सौदा. मी पटका चंद्राकडे दिला, तिने तो बांधला, आणि मी गाडीत बसलो.

मोटारीत ठकूबाई खिडकीकडे बसली, मी आतल्या बाजूला. कात्रजच्या घाटात समोरून गाडी आली की ती जोरजोराने खंडोबाचे नाव घ्यायची आणि मी ड्रायव्हरला शिव्या घालायचो. सगळे उतारू आमच्याकडे पाहून हसत होते. पण आम्ही पोहोचलो.

टॉवेल

डॉक्टरांनी हात पाहिला. पट्टी सोडताच त्यांचा चेहरा बदलला. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काही उमटलेले मी पाहिले.

"हे काय केलंत?"

मी हात मागे घेऊ लागलो, त्यांनी तो सोडला नाही.

"तुम्ही धंदा काय करता?" मी सांगितले. रुमालाचे, बोटांचे सगळे सांगितले. ते खुर्चीत मागे टेकले. मग बाजूचा टॉवेल उचलून त्यांनी मधल्या टेबलावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला.

"घाला हात."

"साहेब?"

"किती दिवसांनी येणार ते सांगा. बोटानं सांगा. तोंडानं बोललात तर मी मोजत नाही."

मी हात घातला. एका आठवड्यासाठी एक बोट दाबायचे, एवढेच. मी त्यांची तर्जनी धरली. पकड बसेना.

"मला काही कळलं नाही," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा दाबले. हाडातून कळ खांद्यापर्यंत गेली.

"अजून नाही कळलं. तुम्ही बैल विकता म्हणता? अशानं शेळी जायची नाही."

मला राग आला. त्या रागाने मी दाबले. डोळ्यांत पाणी आले, मी तोंड फिरवले. ते म्हणाले, "आठवडा. कळलं. पुढच्या आठवड्याला मला तो न ओरडता सांगायचा." मग त्यांनी नर्सबाईला बोलावून बोटे वाकवून घ्यायला सांगितले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

तेव्हापासून मी एकही तारीख चुकवली नाही. घरी चंद्राने पाणी उंबऱ्यावरून पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवले. आधी मी एकटाच बोटे हलवायचो आणि दुखले की सोडायचो. मग ती समोर बसू लागली, पदराखाली हात धरून. बाजाराची बोटांची भाषा मी तिला शिकवली. आमच्या धंद्यात हे बायकोला शिकवत नाहीत. ती लवकर शिकली आणि बेरकी निघाली. मी सांगितलेला आकडा समजला तरी "न्हाई कळला" म्हणायची, म्हणजे मी पुन्हा दाबावे. एकदा तिने पदराखाली मलाच आकडा दिला.

"हे कशाचं?"

"त्या दिवशी पानी सांडलं त्याचं. भरपाई."

"जास्त हाय."

"तर मग कमी करून दावा. बोटानं."

कोणाला आपल्या माणसाचा असा हात सोबतीला मिळत असेल तर घ्यावा. एकट्याने व्यायाम नीट होत नाही. दुखणे लबाड असते, ते आपल्याला थांबायला हजार कारणे देते.

ठकूबाईचे तसे झाले नाही. पावसाळा सरल्यावर तिची माणसे मेंढरे घेऊन खाली देशावर निघाली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मी म्हणालो, दोन तारखा थांब. ती म्हणाली, "मेंढरं थांबत्यात व्हय? आनि म्या थांबले तर मला भाकरी घालनार कोन?" डॉक्टरांनी जास्त वजन टाकू नको म्हटले होते, आणि ती रोज रानातून चालली. पाय सांधला, पण आखूड राहिला. ती आता काठीवर चालते. मला मोटारीत तिने बसवले, तिला मी थांबवू शकलो नाही. इस्पितळ लांब असते आणि पोट जवळ असते, हे पुण्यातल्या लोकांना कोणीतरी सांगितले पाहिजे. दर खेपेला आम्ही तिकडे जायचे, त्यापेक्षा महिन्यातून एकदा भोरला त्यांच्यातले कोणी येऊन बसले असते तर कोंडीबा कदाचित जगला असता आणि ठकूबाईचा पाय आखूड राहिला नसता. डॉक्टरांना मी हे तोंडावर म्हटले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बाजार

थंडीच्या अखेरीस मी पुन्हा भोरच्या बैलबाजारात उभा राहिलो. अंगठा आणि तर्जनी ठीक झाली होती, मधली दोन बोटे निम्मी वाकत होती. करंगळी आत वळून राहिली ती राहिलीच. माझ्याकडे एक खिलारी जोडी होती, बाजारातली सगळ्यात देखणी. दुपार कलता गर्दी बाजूला झाली आणि शेठ पुढे आला.

मला वाटले, आता विचारील. त्याने बैलांचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली. माझ्या हाताकडे पाहिले नाही.

"दौलू, बोल."

मी रुमाल टाकला. त्याचा हात आत आला, मोठा, अंगठ्या घातलेला. मी आकडा दिला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्याने म्हणाला, "येवढ्यात हत्ती येतोय की रं!" भोवतालचे हसले. त्याने माझी वाकलेली करंगळी आकड्यात धरली होती.

"शेठ," मी म्हणालो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "करंगळी धरू नका. ती मोडकी हाय. तिचा आकडा न्हाई."

हसणे थांबले. ती कशाने मोडली हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेठचा हात रुमालाखाली तसाच राहिला. मग त्याची बोटे हळूच माझ्या करंगळीवरून फिरली, पेर सोडून पेर, आणि वळलेल्या टोकाशी थांबली.

"डावा घाल मग," तो हलक्या आवाजात म्हणाला.

डाव्या हाताचा सौदा आमच्यात कोणी धरत नाही. त्याने तो धरायची तयारी दाखवली होती.

"न्हाई. ह्योच."

मी पुन्हा सुरुवात केली. थंडीने बोटे आखडली होती. एक दाबले, मग दुसरे वाकवायला वेळ लागला, मग दोन्ही मिळून. रुमालाखाली कोणी असा वेळ देत नाही. उशीर झाला की घेणारा हात काढून घेतो, तेवढ्यात त्याला दुसरा विकणारा मिळतो. शेठने हात काढला नाही. तोंडाने एक शब्द बोलला नाही, बैलाला नावे ठेवली नाहीत. माझे शेवटचे बोट जागेवर येईपर्यंत तो उभा राहिला, आणि आकडा पुरा झाला तेव्हा त्याने मान डोलावली.

जोडी त्याच्या गड्याने सोडून नेली. तो माझ्या घरी समाचाराला आजतागायत आलेला नाही, आणि त्याने यायला हवे होते असे मी आजही म्हणतो. चार लोकांत म्हणतो, तोंडावरही म्हणेन.

त्या संध्याकाळी चंद्राने पाणी तापवले. बाजारात दिवसभर दाबून हात सुजला होता. मी तो पाण्यात घातला. दोन दिवसांनी तारीख होती. त्या दिवशी नसरापूरला मोटार आली, फळीच्या बाजूची जागा मोकळी होती, आणि मी तिथे बसलो.